खाऱ्या पाण्याची सवत

ती आमच्या घरी आली ती ह्यांच्या मांडीवर बसून, अकोल्याहून थेट अमरावतीपर्यंत. थर्माकोलचं खोकं, खोक्यात पाण्याने टम्म भरलेली जाड पिशवी आणि पिशवीत ती. पुढच्या सीटवर हे आणि ती. मागच्या सीटवर मी, दोन पंप, दिव्यांची पट्टी आणि समुद्रातल्या दगडांची बादली. मूर्तिजापूरच्या पुढे एक गतिरोधक आला तर ह्यांनी ड्रायव्हरला बजावलं, "हळू घे बाप्पा, धक्का बसते त्याले." माझा नववा महिना चालू असताना याच माणसाने मला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं होतं आणि वाटेतला एकही खड्डा सोडला नव्हता.

हे म्हणजे माझे यजमान. अमरावतीच्या कोर्टात वकिली करता करता केस पांढरे झाले, पण घरात कधी कशाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. अकोल्याचे एक डॉक्टर ह्यांचे जुने मित्र. ते मुलाकडे परदेशी कायमचे निघाले होते, म्हणून आम्ही निरोपाच्या जेवणाला गेलो होतो. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. बाकीचे मासे त्यांनी वाटून टाकले होते. ही तेवढी उरली होती, कारण ही दुसऱ्या माशांच्या शेपट्या कुरतडते, हिचं कुणाशी पटत नाही. प्रवाळात राहणारा फुगा मासा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोकणात म्हणे केंड म्हणतात. आमच्या वऱ्हाडात समुद्रच नाही, त्यामुळे शब्दही नाही. हे काचेजवळ वाकले, तर ती तरंगत समोर आली आणि ह्यांच्याकडे बघत राहिली. झालं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे बघताना ह्यांचा चेहरा तसा झालेला मला आठवत नाही, आणि माझी आठवण चांगली आहे.

मासा नर की मादी हे बाहेरून ओळखू येत नाही, असं ह्यांनी पुढे कुठेतरी वाचून मला सांगितलं. मला पहिल्याच दिवशी ओळखू आलं होतं.

आधी टाकी टेम्पोने आली. नागपूरचा दुकानदार येऊन ती आमच्या बैठकीत मांडून, नवं पाणी कालवून गेला. तोवर डॉक्टरांनी तिला एका पिंपात ठेवलं होतं. मग तिला आणायला आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो, तो हा प्रवास. घरी आल्यावर मला वाटलं, आता पिशवी सोडतील, तिला टाकीत टाकतील आणि जेवायला बसतील. तसं नव्हतं. ह्यांनी तिला पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेतलं. मेडिकलच्या दुकानातून सलाईनची नळी आणली होती, तिचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं बादलीवर बांधलं आणि मधलं चाक फिरवत फिरवत धार अशी बारीक केली की टाकीतलं पाणी थेंब थेंब बादलीत पडावं. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. नव्या पाण्याची सवय हळूहळू लागावी लागते, एकदम टाकलं तर जीव घाबरतो, असं मला समजावून सांगितलं. ताट झाकून मी दारात उभी राहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कारण पाणी बदलणं म्हणजे काय, ते या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

माझं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी, कसदार, पण विहीर कुठेही खोदा, पाणी खारट. त्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नहाणीच्या फरशीवर पांढरा थर बसतो. आम्ही तेच पिऊन वाढलो. लग्न होऊन मी अमरावतीला आले. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून वरणात मीठ जास्त पडलं, तर सासूबाई भर पंगतीत म्हणाल्या, "खाऱ्या पान्याची पोरगी हाय, हात बी खारटच राहीन." सगळे हसले. हेही हसले. त्यानंतर माझी जीभ चालली की खारं पाणी, मी रडले की खारं पाणी. आणि इथलं गोडं पाणी मला कित्येक दिवस अळणी लागत होतं. तहान लागायची, तांब्या रिकामा व्हायचा, तहान तशीच. मला कुणी बादलीत ठेवून थेंब थेंब सवय लावली नाही. एकाच दिवशी ओतलं होतं.

आणि हे? लग्न झाल्यापासून माझ्या माहेरच्या पाण्याचा एक पेला ह्यांनी घेतलेला नाही. जावई आले की आधी पिशवीतून अमरावतीच्या पाण्याचा थर्मास निघायचा. पुढे बाटल्या आल्या, मग कॅन आला. आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी, मग बोलणं. माझी आई तांब्या-पेला घासूनपुसून पुढे करायची. हे तांब्याला बोटं लावल्यासारखं करायचे आणि बाजूला सरकवायचे. आई वारेपर्यंत तो तांब्या तसाच भरलेला आत जात राहिला. मला ह्यांच्याकडून दागिने नकोत, काश्मीरची सहल नको. तो एक पेला हवा होता, आणि तो मिळत नाही म्हटल्यावर बाकी काही मागण्यात मला गोडी उरली नाही.

सवत आली की तिची कुंडली काढावीच लागते. हे मोबाईलवर तिच्या जातीचे व्हिडिओ लावून बसत, मी भाजी निवडत कान देई. तोंड कुत्र्याच्या पिल्लाचं, अंग राखाडी, पोटाकडे पिवळसर, वर काळे ठिपके. अंगावर खवले नाहीत. शेपटीने पोहतही नाही. पाठीवरचा आणि पोटामागचा असे दोन छोटे पर वारा घातल्यासारखे हलवत डुलत डुलत जाते, शेपूट फक्त वळायला आणि पळायला. दोन डोळे दोन दिशांना फिरतात. एक ह्यांच्यावर, दुसरा स्वयंपाकघराच्या दारावर, म्हणजे माझ्यावर. समुद्रात ती एकटीच राहते, प्रवाळाच्या खोबणीत. दुपारी आमच्या टाकीतही ती दगडाला टेकून, शेपूट मुडपून पडायची आणि तेवढा वेळ घरात मिक्सर लावायची बंदी होती. मी चटणी पाट्यावर वाटली.

दात चारच, पण एकमेकांना जुळून पोपटासारखी चोच झालेली, आणि ते जन्मभर वाढत राहतात. समुद्रात ती प्रवाळाची टोकं तोडते, शंख-शिंपले, खेकडे फोडून खाते, त्यात दात झिजतात. घरात मऊ खायला दिलं तर दात वाढून तोंडच मिटेनासं होतं आणि ती उपाशी मरते. म्हणून तिला कवचासकट खाऊ लागतो. ज्या माणसाने कधी कोथिंबिरीची जुडी आणली नाही तो इतवारा बाजारात जाऊन खेकडे निवडून आणू लागला. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं कधी शिरलं नव्हतं. चातुर्मासात भाजीत कांदा दिसला की हे ताट सारत. त्याच घरच्या फ्रिजमध्ये आता झिंग्यांचा डबा वरच्या खणात आणि माझं दही खालच्या.

हे कोर्टातून आले की ती काचेशी नाचायची. ह्यांनी झाकण उघडलं की वर येऊन तोंडातून पाण्याची चिळकांडी मारायची, थेट काळ्या कोटावर. हे रुमालाने कोट टिपत हसायचे. त्याच कोटावर माझ्या हातून एकदा वरणाचा थेंब पडला होता, त्याचा विषय घरात अजून निघतो. मी जवळ गेले की ती दगडामागे. शेजारच्या वहिनी गच्चीवरून विचारत, तुमच्याकडे नवी आली म्हणे, जुनीला जेवायला मिळतं की नाही. मी हसून सोडून द्यायची, पण आत शिरल्यावर भांडी जरा जोरात लागायची.

तिच्या कातड्यात, काळजात विष असतं. खाणारा वाचत नाही. आणि फुगते ती रागाने नाही, भीतीने. जीव धोक्यात आहे असं वाटलं की गटागट पाणी पोटात घेते. बरगड्या नाहीत, त्यामुळे पोट ताणत जातं आणि गिळायला आलेल्याच्या तोंडात मावत नाही. गंमत म्हणून तिला कधी फुगवू नका, त्यात तिचे हाल होतात, असं डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं. त्यांच्याकडे ती कधी फुगली नव्हती. आमच्याकडेही हे तिच्यासमोर कधी मोठ्याने शिंकले नाहीत. मी या घरात किती वेळा फुगून बसले त्याची कुणी दखल घेतली असेल तर शपथ.

अक्षय्य तृतीयेला भावाचा फोन आला. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. कोर्टाची तारीख आहे म्हणून हे कधी येत नाहीत, मी एसटीने एकटीच जाते. या वेळी मी पिशवी भरत असताना हे म्हणाले, "मी बी येतो. गाडी काढू." मी हातातली साडी ठेवली आणि चांगली काढली. गजरा घेतला. गाडीत बसले तेव्हा डिकीत कॅन दिसले, नेहमीचं गोडं पाणी, म्हटलं जाऊ दे, माणूस तर येतोय.

वलगावच्या पुढे गेल्यावर कळलं की कॅन रिकामे आहेत. ती पाणी फार घाण करते, म्हणून थोडं काढून नवं घालावं लागतं. त्याचं खास मीठ मुंबईहून नागपूरला आणि नागपूरहून आमच्याकडे येतं, आणि ते पार्सल कुठेतरी अडकलं होतं. हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत खुशीत सांगत होते, "तुह्या माहेरचं पानी खारंच हाय ना? खाली पह्यले समुद्रच होता म्हनतेत. तालुक्याच्या नावातच दर्या हाय."

मी विचारलं, तिला ते सोसेल का. खारं ते खारं, हे म्हणाले. कोर्टात पुराव्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस. मी बाहेर बघत राहिले. गजऱ्याचा वास नकोसा झाला.

आता गावात धरणाचं पाणी नळाने येतं, पण पितरांची घागर भाऊ विहिरीच्याच पाण्याने भरतो. ज्यांनी जन्मभर हे प्यायलं त्यांना दुसरं कसं चालेल, असं त्याचं म्हणणं. त्या पितरांत आता आईही आहे. मी घागरीला हळदकुंकू लावलं. वहिनीने ह्यांच्यापुढे आईचाच तांब्या आणला, नेहमीसारखा. ह्यांनी तो बाजूला ठेवला, नेहमीसारखा. मग उठून विहिरीवर गेले, पोहरा काढला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथेच थुंकले. "जहर हाय," असं म्हणून समाधानाने मान हलवली. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरचं पाणी ह्यांच्या जिभेला लागलं, ते माशासाठी, आणि तेही थुंकायला. भाऊ बिचारा हरखून कॅन भरत होता, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की आपलं पाणी अमरावतीला चाललं. मी पुरण वाढायला आत गेले. मला इतका मत्सर कुणाही बाईचा कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी टाकीतलं जवळजवळ निम्मं पाणी काढलं आणि कॅन ओतले. नळी नाही, थेंब नाही, खारं ते खारं. एक कॅन उरला तो माझ्या ओट्याखाली ठेवला.

पोळ्या होईस्तोवर ती तळाला बसली होती. अंग काळवंडलेलं, कल्ले भराभर हलत. ह्यांनी चिमट्यात खेकड्याची नांगी धरून पुढे केली. चिमटा बघून ती दचकली आणि फुगली. मला एकदा बघायचं होतं ते असं समोर आलं. पांढरं पोट ताणून गोल, कातडीतून बारीक काटे वर आलेले, पर दोन्हीकडे लुळे हलताहेत आणि जागा सोडता येत नाही. बघवत नव्हतं. ह्यांनी नागपूरच्या दुकानदाराला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्याने पहिलंच विचारलं, मीटर काय दाखवतं. खारेपणा मोजायचा तो मीटर ह्यांनी बुडवलाच नव्हता, जीभ बुडवली होती. आता बुडवला, तर काटा पार खाली गेला. विहिरीचं पाणी टाकलं, खारपाणपट्ट्यातलं, असं ह्यांनी हळूच सांगितलं.

"साहेब, समुद्रापुढं त्याच्यात मीठच नाही," तो म्हणाला. "मासोळीसाठी ते गोडं पानी झालं."

मी दारात उभी होते. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. हे माझ्याकडे बघत राहिले, मग मिठाची बरणी आणायला स्वयंपाकघरात धावले. दुकानदार फोनवर ओरडला की घरचं मीठ टाकू नका, माझ्या टाक्यांसाठी ठेवलेल्या मिठातली पिशवी ट्रॅव्हल्सच्या गाडीत ठेवून देतो. हे चपला शोधत म्हणाले, तू त्याच्यापाशी बस.

मी बसले. ती आणि मी अशा समोरासमोर पहिल्यांदाच. पोटातलं पाणी हळूहळू सोडून ती पुन्हा लहान झाली होती, दगडामागे जायचं बळ नव्हतं, एक डोळा माझ्यावर लावून पडली होती. मला तिची दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. आली, पण थोडी. बाकी सगळं पोटात दुखणंच होतं. हिला एक सकाळ पाणी अळणी लागलं तर नागपूरपर्यंत पळापळ झाली. मला लागत होतं तेव्हा पंगत हसली होती.

हे पिशवी घेऊन आले. पाण्यात मीठ कालवलं, मीटर बुडवला, पुन्हा बुडवला. मीठ चढवायचं तेही हळूहळूच, दुकानदाराने बजावलं होतं. तीच सलाईनची नळी निघाली, तीच खुर्ची. थेंब पडू लागले. मी चहा आणून दिला आणि परत जायला वळले, पण पाय निघेना.

"मले आनलं तवा काहून नाही बांधली अशी नळी?" मी विचारलं.

ह्यांना आधी समजलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. अळणी पाणी, रिकामे तांबे, पंगतीतलं हसणं आणि त्यातलं ह्यांचं हसणं, आईच्या हातातून दर वेळी परत गेलेला पेला, काल विहिरीवर थुंकलेलं पाणी. आवाज चढवला नाही. चढवला असता तर ह्यांनी वकिली केली असती. हे नळीच्या चाकावर बोट ठेवून थेंबांकडे बघत होते.

"तवा कोनाले मालूम होतं," हे शेवटी म्हणाले, "पानी बदललं का जीव घाबरते म्हून."

"मले मालूम होतं. कोनी इचारलं नाही."

चहा निवला. बऱ्याच वेळाने हे उठले, स्वयंपाकघरात गेले, ओट्याखालचा कॅन बाहेर ओढला. मांडणीवरून पेला घेतला, या घरात पाण्याचे पेले कुठे असतात ते ह्यांना माहीत आहे हेही मला तेव्हाच कळलं, आणि अर्धा भरला. एक घोट घेतला. तोंड असं वाकडं झालं की मला वाटलं, आता मोरीत जाणार. पण गिळला.

"खारं हाय," हे म्हणाले.

"हाय," मी म्हटलं.

"एकदम नाही जमनार मले." पेल्यावर झाकण ठेवून ह्यांनी तो ओट्यावर मागे, भिंतीशी सरकवला. "थेंब थेंब घेईन."

आणि खुर्चीत जाऊन बसले. दिवे लागायच्या सुमारास ती तळ सोडून वर आली, ठिपके पुन्हा दिसू लागले, काचेशी येऊन डुलायला लागली. एक डोळा ह्यांच्यावर होता, दुसरा स्वयंपाकघराच्या दारातून ओट्यावरच्या त्या पेल्यावर. म्हटलं, जळ आता तू जराशी.